बंद करण्याची किल्ली

जव्हारहून मोखाड्याकडे जाणाऱ्या एखाद्या जुन्या डिझेल जीपमध्ये ड्रायव्हरशेजारी बसायचा योग आला असेल, तर एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल. ड्रायव्हर फाट्यावर गाडी उभी करतो, किल्ली उलटी फिरवतो, आणि इंजिन चालूच राहतं. मग तो डॅशबोर्डखाली हात घालून एक नॉब ओढतो, तेव्हा कुठे ते दोन आचके देऊन गप्प होतं. नव्या माणसाला वाटतं, गाडी बिघडलीय. तसं काही नसतं. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. सिलिंडरमधली हवा दाबून इतकी तापवली जाते, की तिच्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. जुन्या गाड्यांतला डिझेलचा पंपही इंजिनाच्याच जोरावर फिरणारा. एकदा इंजिन फिरायला लागलं की त्याचा विजेशी संबंध संपतो. किल्लीच्या हाती उरतात फक्त स्टार्टर, दिवे आणि हॉर्न. बंद करायचं तर डिझेल तोडावं लागतं, आणि तो नॉब तेवढंच करतो. बॅटरी उतरली असली तरीही गाडी ढकलून चालू होते. म्हणून आमच्याकडचे मुरलेले ड्रायव्हर गाडी लावताना तिचं तोंड उताराकडे करतात.

या जीपच्या वंशातच किल्लीविषयी अशी बेफिकिरी आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन विलीज जीपना सुरुवातीला किल्ली होती. पुढे ती काढून नुसता फिरवायचा खटका बसवला गेला. धावपळीत किल्ली हरवली, तर गाडी ऐन वेळी कुणालाच चालू करता येणार नाही. युद्धात गाडी चोरीला जाण्यापेक्षा हा धोका मोठा. त्याच विलीज जीप स्वातंत्र्यानंतर महिंद्रांनी मुंबईत जुळवायला घेतल्या, आणि त्यांची नातवंडं-पतवंडं आमच्या घाटांत आजही माणसं वाहताहेत. कुलूप कुणापासून काय वाचवण्यासाठी आहे, हे आधी ठरवावं लागतं, एवढं या इतिहासातून मी शिकले. मला ते ठरवावं लागलं माझ्या वडिलांच्या मोटरसायकलच्या बाबतीत.

बाबा जिल्हा परिषदेचे आरोग्यसेवक होते. नोकरीची बहुतेक वर्षं मोखाडा तालुक्यात गेली. आरोग्यसेवक म्हणजे दवाखान्यात खुर्चीवर बसणारा माणूस नव्हे. पाड्यापाड्यावर जायचं, ताप आलेल्यांच्या बोटातून रक्ताचा थेंब काचेवर घ्यायचा आणि मलेरियाच्या तपासणीला पाठवायचा, पावसाळ्यात विहिरींत टीसीएल पावडर टाकायची, गोळ्या वाटायच्या, लसीकरणाच्या दिवशी लशीचा डबा वेळेत पोचवायचा. 1992-93 साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीची बालमृत्यूंची बातमी राज्यभर गेली, तेव्हा ते नोकरीत होते. त्या काळाबद्दल ते फारसं बोलत नाहीत. 1995 च्या डिसेंबरात पल्स पोलिओ सुरू झालं, त्याबद्दल मात्र भरभरून बोलतात. लशीच्या डब्यात चार आइसपॅक आणि आतलं तापमान दोन ते आठ अंशांच्या मधे. डबा उन्हात ठेवायचा नाही, उगाच उघडायचा नाही. हे मला शाळेत जायच्या आधीपासून पाठ आहे.

2003 मध्ये त्यांनी स्प्लेंडर घेतली. टाकीवर 'हिरो होंडा' अशी जोडनावं असलेली. पुढे 2010-11 मध्ये त्या दोघांची फारकत झाली, आमच्या टाकीवरचं लग्न तसंच राहिलं. पालघर जिल्हा 2014 चा, त्यामुळे नंबर अजून ठाण्याचा, एमएच-04. या गाडीनं खोडाळा, सूर्यमाळ, किनिस्ते, आसे अशी गावं आणि त्यांच्या आतले कितीतरी पाडे पाहिले. पावसात चिखलात बसली, उन्हाळ्यात लाल धुळीनं माखली. लोक बाबांना 'डॉक्टर' म्हणत, आणि गाडीचा आवाज लांबून ऐकून ओळखत. मी पहिल्यांदा गिअरची गाडी चालवली ती हीच. इंजिनीअरिंगला जायच्या आधीची उन्हाळी सुट्टी होती ती. बाबा मागे बसून एकच वाक्य म्हणत होते, "क्लच हळू सोड, तो तुझा वैरी नाही."

आता ते सहासष्ट वर्षांचे आहेत. तीनेक वर्षांपूर्वी विसरायला लागले. आधी नावं, मग वार, मग जेवण झालंय की नाही. नाशिकच्या डॉक्टरांनी त्यांना कागदावर घड्याळ काढायला सांगितलं. त्यांनी गोल सुरेख काढला, आणि बाराही आकडे उजव्या अर्ध्यात कोंबले. आजाराचं नाव कळलं, गोळ्या सुरू झाल्या. मी पुण्याला नोकरी करते. आई मोखाड्याला त्यांच्याबरोबर असते. पुण्याला दोघांना आणून पाहिलं, पण बाबा सोसायटीच्या जिन्यात हरवायला लागले. मोखाड्यात निदान सगळा गाव त्यांना ओळखतो, म्हणून परत गेले.

गेल्या वर्षी जूनमध्ये एका सकाळी ते अंघोळ करून, शर्ट खोचून, गाडी काढून निघाले. आईला म्हणाले, "बूथला उशीर होतोय." दुपारपर्यंत पत्ता नव्हता. शेवटी खोडाळ्याच्या रस्त्यावर पेट्रोल संपलेल्या गाडीशेजारी ते दगडावर बसलेले सापडले. ज्यांनी ओळखलं त्यांनी फोन केला, त्यांना चहा पाजला, गाडी टेम्पोत घालून घरी पोचवली. नशीब की रस्ता खोडाळ्याचा होता. त्र्यंबककडचा तोरंगणचा घाट असता तर काय, हा विचार आम्ही तिघी, म्हणजे आई, मी आणि माझी मोठी बहीण, एकमेकींना न सांगता करत राहिलो.

गाडी विकून टाकू, असं बहीण म्हणाली. आईला ते पटेना. गाडी दारात दिसली नाही, तर ते शोधत सुटतील, चोरीला गेली म्हणून पोलीस स्टेशन गाठतील. एकदा मेकॅनिककडे नेली होती, तेव्हाचा अनुभव तिच्या पदरी होता. गाडी दारात उभी असली की त्यांना बरं वाटतं. सकाळी पुसतात, चाकाची हवा बोटानं दाबून बघतात.

मग आईनं किल्ली लपवली. तिसऱ्या दिवशी त्यांनी कपाटाची किल्ली लावून गाडी चालू केली.

हे अशक्य वाटतं, पण जुन्या गाडीचं लॉक आतून कसं असतं ते पाहिलं की उलगडतं. किल्ली जिथे घालतो तो एक पितळी दंडगोल, त्याला सिलिंडर म्हणू. त्यात ओळीनं पातळ पत्र्या बसवलेल्या असतात, प्रत्येकीला केसाएवढी स्प्रिंग. किल्ली नसते तेव्हा स्प्रिंग पत्र्यांना बाहेर ढकलतात, त्या बाहेरच्या नळीतल्या खाचेत अडकतात आणि सिलिंडर फिरत नाही. किल्लीवरचे खाचखळगे नेमके असे असतात, की प्रत्येक पत्री जेवढी हवी तेवढीच उचलली जाते, सगळ्या एका पातळीत येतात आणि वाट मोकळी होते. वीस वर्षांत या पत्र्यांच्या कडा झिजतात, किल्लीचे दात गुळगुळीत होतात. त्यात लाल माती आणि कुणीतरी प्रेमानं सोडलेलं तेल यांचा चिखल होतो. पत्र्या आत गेल्या की आतच चिकटून बसतात. मग कुठलीही चपटी वस्तू चालते. बाबांच्या गाडीची किल्ली तर चालू गाडीतून उपसून खिशात टाकता यायची. लहानपणी मला ती जादू वाटायची.

गंमत म्हणजे तेल सोडू नये हे बाबांना ठाऊक होतं. तेलाला धूळ धरते. ते किल्लीवर पेन्सिल घासायचे, शिशाची भुकटी आत जाते आणि लॉक मोकळं राहतं म्हणून. आमच्या घरातल्या सगळ्या पेन्सिलींची टोकं या कामाला गेली. तेल बहुधा गावातल्याच कुणा हितचिंतकानं सोडलं असावं.

किल्लीचा उपाय फसल्यावर मी फोनवरून आईला प्लगची टोपी काढायला शिकवलं. टोपी काढली की ठिणगी नाही, गाडी नाही. त्यांनी दोन किका मारल्या, वाकून बघितलं, टोपी बसवली आणि गेले. गल्लीच्या टोकापर्यंतच गेले, शेजारच्या मुलानं थांबवलं. पेट्रोल काढून घेतलं, तर किराणा दुकानातून बाटलीत मिळतं. ज्या माणसाला आज कोणता वार आहे ते सांगता येत नाही, त्यानं प्लगची टोपी न शोधता कशी बसवली? डॉक्टर म्हणाले, यात नवल नाही. घटना आणि नावं लक्षात ठेवणारी स्मृती आधी जाते. सायकल चालवणं, शिवण घालणं, पोळी लाटणं अशी हातांत मुरलेली कामं बराच काळ टिकतात. म्हणूनच ते धोक्याचे असतात, असंही ते म्हणाले. चालवता येतं, पण कुठे आणि का चाललोय ते कळत नाही.

थोडं माझ्या कामाविषयी सांगते. पुण्यात मी ज्या टीममध्ये आहे, तिचं काम कुणाला काय उघडता येईल हे ठरवणारं सॉफ्टवेअर लिहिणं. कंपनीतून माणूस गेला, की त्याची सगळी दारं एका क्लिकमध्ये बंद झाली पाहिजेत. आमच्या भाषेत याला ॲक्सेस काढून घेणं म्हणतात. यात भावनेला जागा नाही, आणि नसावीही. नोटीस दिली, शेवटचा दिवस आला, संध्याकाळी सहाला दारं बंद. निरोपाचा केक दुपारी कापलेला असतो. बाबांच्या बाबतीत मला नेमकं हेच करायचं होतं. फक्त त्यांना नोटीस दिली, तर ती संध्याकाळपर्यंत त्यांच्या लक्षात राहणार नव्हती.

गणपतीच्या सुट्टीत मी घरी गेले आणि मेकॅनिकला गाठलं. माझ्याच वयाचा आहे. बाबांना बघून उठून उभा राहतो, कारण पोलिओचे डोस त्यांनीच पाजलेत, असं त्याची आई सांगते. त्याला सगळं सांगितल्यावर त्यानं एक पर्याय सुचवला. "ताई, लॉकला हात लावायलाच नको. चोरखटका बसवतो. सीटखाली बटण लपवायचं. किल्ली फिरेल, दिवा लागेल, पण किक मारून गाडी चालू होणार नाही. डॉक्टरांना वाटेल, इंजिनाचं काम निघालं. खर्च पण काही नाही."

उपाय तांत्रिकदृष्ट्या चोख होता. का चोख होता, ते समजून घ्यायचं तर या गाडीच्या आत जरा डोकवावं लागेल. जुन्या स्प्लेंडरला ठिणगीसाठी बॅटरी लागत नाही. इंजिनाबरोबर फिरणारा मॅग्नेटच ठिणगीची वीज तयार करतो. इग्निशनच्या लॉकमधून चार वायरी निघतात. लाल बॅटरीची, काळी पुढे हॉर्न-इंडिकेटरकडे जाणारी, हिरवी म्हणजे अर्थ, आणि चौथी काळी, पण तिच्यावर पांढरी रेघ. किल्ली 'ऑन' केली की लाल आणि काळी जोडल्या जातात. 'ऑफ' केली की त्या सुटतात, आणि काळी-पांढरी हिरवीला जोडली जाते. म्हणजे ठिणगीसाठी निघालेली वीज परस्पर गाडीच्या सांगाड्यात उतरवली जाते, प्लगपर्यंत पोचतच नाही. आपल्याला वाटतं, बंद करणं म्हणजे काहीतरी तोडणं. घरातल्या दिव्याचं बटण तसंच असतं. इथे उलटं आहे. या गाडीत बंद करणं म्हणजे दोन वायरी जोडणं, आणि सगळं तोडून टाकलं की गाडी मोकळी होते. लॉक उपटून फेकून दिलंत, तर एका किकमध्ये ती चालू होईल, आणि किल्लीनं बंद करायची सोय उरणार नाही. ती बंद करायला गिअरमध्ये टाकून, ब्रेक दाबून, क्लच सोडून तिचा गळा धरावा लागेल, नाहीतर प्लगची टोपी काढावी लागेल.

चोरखटका म्हणजे काळी-पांढरी आणि हिरवी यांना गुपचूप जोडणारं दुसरं बटण. दहा मिनिटांचं काम. मी दोन दिवस त्यावर विचार केला.

तेव्हा मला कॉलेजात अभ्यासलेली एक गोष्ट आठवत होती. अमेरिकेतल्या जनरल मोटर्सनं 2014 मध्ये काही मॉडेलांच्या सुमारे 26 लाख गाड्या इग्निशन स्विचसाठी परत बोलावल्या. किल्ली 'रन' या जागी धरून ठेवणारा आतला खटका फार हलका होता. किल्लीला जड जुडगा असला किंवा गुडघा लागला, की किल्ली मागे सरकायची. चालत्या गाडीचं इंजिन बंद, स्टिअरिंग जड, आणि धडक झाली तर एअरबॅगही उघडायची नाही. नुकसानभरपाईच्या निधीनं 124 मृत्यू मान्य केले. पण आमच्या सरांनी हे उदाहरण हलक्या खटक्यासाठी दिलं नव्हतं. तो खटका कंपनीतल्या एका अभियंत्यानं काही वर्षांनी सुधारून घेतला होता, मात्र सुट्या भागाचा क्रमांक तोच ठेवला. बाहेरून दोन्ही सारखे, कागदावर सारखे, आतून वेगळे. त्यामुळे काही वर्षांच्या गाड्या बंद का पडतात आणि नंतरच्या का पडत नाहीत, हे शोधणारे लोक बराच काळ चक्रावले. जे बदललंय ते बदललेलं दिसलं पाहिजे, एवढाच त्या तासाचा धडा. सॉफ्टवेअर लिहिताना आम्ही याच कारणासाठी आवृत्तीचा आकडा वाढवतो.

चोरखटका म्हणजे आतून वेगळा आणि बाहेरून तोच असा भाग होता. बाबा सकाळी किल्ली लावणार, ती फिरणार. मग किक, मग पुन्हा किक. प्लग काढतील, साफ करतील, कार्ब्युरेटर उघडतील. त्यांच्या हातांना जे जे येतं ते सगळं करतील आणि प्रत्येक गोष्ट बरोबर करूनही गाडी चालू होणार नाही. डोक्यावरचा विश्वास त्यांचा उडालाच होता. ते स्वतःच म्हणत, "माझं काही खरं नाही आता." हातांवरचा विश्वास शाबूत होता. तो मी सीटखालच्या बटणानं काढून घ्यायचा का? नव्या लॉकमध्ये जुनी किल्ली जाणार नाही, हे कडू असलं तरी खरं असेल. किल्ली लागत नाही, कारण लॉक दुसरं आहे. यात त्यांच्या हातांचा काही दोष नाही.

आईला मी म्हटलं, "लॉक बदलू. पण त्यांना सांगून."

"सांगून काय उपयोग? उद्या विसरतील."

"मग उद्या परत सांगू."

आई काही बोलली नाही. रोज सांगायचं काम तिच्या वाट्याला येणार होतं, माझ्या नाही, हे तिला आणि मला दोघींनाही कळत होतं. मग म्हणाली, "बरं. निदान खोटं लक्षात ठेवावं लागणार नाही मला. मीही साठीला आले."

मी जव्हारला जाऊन लॉक आणलं. दुकानदार पूर्ण लॉकसेट देत होता. इग्निशन, टाकीचं झाकण, बाजूच्या झाकणाचं लॉक, सगळ्याला एकच किल्ली, घ्या आणि निश्चिंत व्हा. मी फक्त इग्निशन मागितलं. "दोन किल्ल्या वापराव्या लागतील, ताई," तो म्हणाला. मला तेच हवं होतं. टाकी आणि बाजूचं झाकण जुन्या किल्लीवर राहणार होतं. बाजूच्या झाकणाआड बाबांचे पाने, जुना कपडा आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली कागदपत्रं असतात.

दुसऱ्या दिवशी पाऊस उघडला होता. मी गाडी ओसरीत घेतली, आणि बाबांना म्हटलं, "बाबा, गाडीचं लॉक बदलायचंय. नवीन लॉकची किल्ली आईकडे राहील. तुम्ही एकट्यानं गाडी न्यायची नाही आता. डॉक्टरांनी सांगितलंय."

ते माझ्याकडे बघत राहिले. किती कळलं, ते मला आजही सांगता येणार नाही. थोड्या वेळानं म्हणाले, "आधी हेडलाइट काढ. वायरी तिथून सुटतात."

मेकॅनिक आला होता, पण त्याला फारसं काम उरलं नाही. बाबा स्टुलावर बसले आणि काढलेला प्रत्येक स्क्रू ताटलीत क्रमानं ठेवायला लागले. हेडलाइटचे स्क्रू निघाले, तो पुढे आला, मागे वायरींचं जाळं. त्यात चार वायरींचा कपलर. त्याला वर एक बारीक खटकी असते, ती न दाबता ओढलं तर वायर तुटते. मेकॅनिक ओढणार तेवढ्यात बाबा म्हणाले, "दाब आधी." लॉक हँडलच्या मधोमध दोन बोल्टांवर बसलेलं. वीस पावसाळ्यांनी त्यांची डोकी गोल करून टाकली होती, पाना धरेना. मेकॅनिकनं कडेला छिन्नी लावून हातोडीनं ठोकत ठोकत पहिला फिरवला. दुसऱ्याला बाबांनी हात पुढे केला. त्यांच्या हाताला कंप असतो आजकाल, चहाचा कप सांडतो. छिन्नी धरल्यावर तो थांबला, असं मी लिहिलं तर ते वाचायला बरं वाटेल. तसं झालं नाही. कंप होताच. एक घाव अंगठ्यावर बसला, आईनं हळद आणली. पण बोल्ट त्यांनी काढला.

कपलर सुटलेला असताना मेकॅनिकनं सहज किक मारली, आणि लॉक नसलेली गाडी लगेच चालू झाली. बाबा हसले. खूप दिवसांनी असे हसले. "बघितलंस? किल्ली चालू करायला नसते. बंद करायला असते." आणि वाकून त्यांनी प्लगची टोपी उपसली.

नवीन लॉक बसवायला पंधरा मिनिटं लागली. हँडल लॉक केव्हाच गंजून निकामी झालेलं असल्यामुळे ते काम नव्हतंच. कपलर बसला, हॉर्न तपासला, किल्ली बंद केल्यावर गाडी बंद होते ना ते दोनदा पाहिलं. नव्या किल्ल्या दोन. एक आईनं देव्हाऱ्यामागे ठेवली, एक मी पुण्याला आणली. जुन्या लॉकचं काय करायचं, असं मेकॅनिकनं विचारलं. बाबांनी ते मागून घेतलं, फडक्यानं पुसलं आणि आपल्या खणात ठेवलं.

पुढचे काही आठवडे आईसाठी अवघड गेले. सकाळी ते जुनी किल्ली घेऊन जायचे, ती आत शिरायची नाही. आईला हाक मारायचे. ती सांगायची, "लॉक बदललंय. तुम्हीच तर बदललंत. किल्ली माझ्याकडे आहे." कधी ते "हो हो" म्हणायचे. कधी चिडायचे, माझी गाडी, मला विचारल्याशिवाय? एकदा रडले. त्या दिवशी आईनं मला फोन केला आणि काहीच बोलली नाही, मीही बोलले नाही. बहिणीनं विचारलं, चोरखटका बसवला असता तर आईचा त्रास वाचला नसता का? कदाचित वाचला असता. मग त्या त्रासाची जागा बाबांनी दिवसभर मारलेल्या किकांनी घेतली असती. हिशोब दोन्हीकडून मांडता येतो. मी एका बाजूनं मांडला, आणि त्याची किंमत बरीचशी आईनं दिली.

नवीन लॉक त्यांना थांबवू शकत नाही, हेही मला माहीत आहे. हेडलाइटचे स्क्रू काढून कपलर सोडला, की गाडी एका किकमध्ये चालू होते. हे त्या घरात सगळ्यात नीट त्यांनाच ठाऊक आहे. त्यांनी ते आजवर केलेलं नाही. विसरले म्हणून, की नको म्हणून, हे विचारायची माझी हिंमत होत नाही. आमच्या कामात आम्ही धरून चालतो, की समोरचा माणूस कुलूप तोडायलाच बसलाय, आणि त्या हिशेबानं भिंती उंच करत जातो. घरातलं कुलूप वेगळं असतं. दोन्ही बाजूंची माणसं थोडी थोडी मानतात, म्हणून ते टिकतं.

महिन्यातून एकदा मी जाते. देव्हाऱ्यामागची किल्ली काढते, बाबा मागे बसतात आणि रस्ता सांगतात. त्यांचा रस्ता बिनचूक असतो. कुठल्या वळणावर कुणाचं घर, कुठली विहीर एप्रिलमध्येच आटते, कुठून सरळ गेलं तर पावसाळ्यात ओहोळ आडवा येतो. पाड्यावर जुनी माणसं ओळखतात, कोरा चहा होतो. दिवाळीनंतर गेलं, तर निम्मी घरं बंद असतात. भाताची कामं आटपली की माणसं वीटभट्ट्यांवर जातात, भिवंडी-वसईकडे. बाबा बंद दारांकडे बघून विचारतात, "यांचे डोस कुणी दिले?" दर वेळी विचारतात. 2014 मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला, हे मी दर वेळी सांगते, आणि दर वेळी त्यांना तितकाच आनंद होतो. डोस अजूनही द्यावेच लागतात, हे ते मला वर सुनावतात, आणि ते बरोबर आहे.

परतल्यावर टाकी उघडून पेट्रोल किती उरलं ते बघणं त्यांचं काम. जुनी किल्ली त्यांच्याच खिशात असते, पेन्सिल घासून काळी झालेली. गेल्या खेपेला झाकण लावायचं राहिलं आणि रात्री पाऊस आला. टाकीत पाणी गेलं, सगळी धुऊन काढावी लागली. मेकॅनिक म्हणाला, "ताई, टाकीचं लॉक पण बदलून टाकू?" आईनं माझ्याकडे पाहिलं.

मी त्याला म्हटलं, नको, आणि टाकीवर घालायला एक प्लॅस्टिकचं कव्हर शिवून घेतलं. हा पावसाळा तरी तेवढ्यावर निघावा.